गेमिंग पीसीला नेमका किती वॅटचा पॉवर सप्लाय घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रोसेसर रायझन ५ ७६०० आहे आणि त्याला आता आरटीएक्स ४०७० सुपर हे ग्राफिक्स कार्ड जोडायचं आहे. ऑनलाइन कॅल्क्युलेटरने ४६० वॅटच्या आसपासचा आकडा दिला, कार्डाची कंपनी ६५० सांगते आणि मित्र म्हणतो ८५० च्या खाली जाऊच नकोस. सध्याच्या मशीनमध्ये सहा वर्षं वापरलेला ५५० वॅटचा सप्लाय आहे, तोच चालला तर तुम्हाला हवा आहे. दोन-तीन वर्षांनी याहून मोठं कार्ड घ्यायचाही विचार आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणं. चांगल्या प्रतीचा नवा ६५० वॅटचा सप्लाय घ्या. पुढचं कार्ड ३०० वॅटच्या आसपासचं घेणार असाल तर ७५०, ३६० वॅटच्या वर्गातलं पक्कं असेल तर ८५०. जुना ५५० या कार्डाला लावू नका.

तुम्हाला मिळालेल्या तीन आकड्यांनी गोंधळ होणं साहजिक आहे, पण ती तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. कॅल्क्युलेटर सगळ्या भागांच्या कमाल वापराची बेरीज करून वर थोडी भर घालतो. कार्डाच्या कंपनीला तुमचा प्रोसेसर कोणता आणि सप्लाय कसा हे माहीत नसतं, म्हणून ती भरपूर वीज खाणारा प्रोसेसर आणि मध्यम दर्जाचा सप्लाय धरून आकडा देते. मित्र पुढच्या पाच वर्षांचा विचार करून बोलतो आहे. तुमचा खरा प्रश्न चौथाच आहे: तुमच्या मशीनने अचानक जोरात वीज ओढली तर त्या क्षणी कोणता सप्लाय टिकेल? याचं उत्तर नुसत्या वॅटमध्ये मिळत नाही.

तरी सुरुवात बेरजेपासूनच करू. ४०७० सुपरचा अधिकृत वापर २२० वॅट. रायझन ५ ७६०० च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण मूळ सेटिंगमध्ये तो ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. एएमडीच्या या पिढीतल्या प्रोसेसरमध्ये टीडीपीच्या, म्हणजे खोक्यावरच्या वॅटच्या, साधारण १.३५ पट ही खरी कमाल मर्यादा असते: ६५ चे ८८, १०५ चे १४२, १२० चे १६२, १७० चे २३०. इंटेलच्या के मालिकेत फरक आणखी मोठा पडतो. १४७००के वर मूळ आकडा १२५ वॅटचा आहे, पण कमाल आकडा २५३. म्हणून प्रोसेसरचा हिशोब करताना नेहमी मोठा आकडा धरा. उरलं मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे आणि असलीच तर एखादी हार्ड डिस्क. हे सगळं मिळून मी ६० ते ७० वॅट धरतो. तुमची बेरीज झाली २२० अधिक ८८ अधिक ७०, म्हणजे ३७८.

गेम खेळताना प्रत्यक्षात एवढीही वीज लागत नाही. ७६०० गेममध्ये क्वचितच पूर्ण मर्यादा गाठतो, बहुतेक वेळ ५०-६० वॅटवरच फिरत असतो. तेव्हा सरासरी सव्वातीनशे ते साडेतीनशेच्या दरम्यान पडेल. हे आकडे सप्लाय जी वीज देतो तिचे आहेत, भिंतीतून ओढतो तिचे नाहीत. सप्लायवर लिहिलेले ६५० वॅट म्हणजे तो आतल्या भागांना देऊ शकतो ती वीज. ३३० वॅट देताना त्याची कार्यक्षमता ९० टक्के असेल तर भिंतीवरचा मीटर ३६७ च्या आसपास दाखवेल, आणि ही मधली तफावत उष्णता होऊन बाहेर पडते. काही जण मीटरवर ५०० वाचून ‘माझा ५५० काठावर आला’ म्हणून घाबरतात. तसं नसतं, त्या वेळी सप्लाय जेमतेम साडेचारशे देत असतो.

मग ५५० का नको, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. तुम्ही लेबलवरचे आकडे लिहून पाठवलेत ते फार चांगलं केलंत, कारण उत्तर तिथेच आहे. ३.३ व्होल्टला २४ अँपिअर, ५ व्होल्टला १५ अँपिअर, दोन्ही मिळून जास्तीत जास्त १२० वॅट. १२ व्होल्टला ३६ अँपिअर. आता १२ गुणिले ३६ करा. ४३२ वॅट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. ३.३ आणि ५ व्होल्टवर रॅम-डिस्कसारखं किरकोळ काम उरलेलं आहे. तेव्हा तुमचा ५५० हा तुमच्या कामापुरता ४३२ वॅटचा सप्लाय आहे. उरलेले सव्वाशेच्या आसपास वॅट अशा तारांवर आहेत जिथे ते कार्डाच्या काहीही उपयोगाचे नाहीत. आजच्या चांगल्या रचनेच्या ६५० वॅटच्या सप्लायवर १२ व्होल्टसमोर ५४ अँपिअर लिहिलेलं दिसतं, म्हणजे ६४८ वॅट: जवळजवळ पूर्ण क्षमता एकट्या १२ व्होल्टवर मिळते. खरेदी करताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याआधी ही ओळ वाचायची सवय लावा. स्वस्त सप्लायची परीक्षा इथेच होते.

४३२ हे ३७८ पेक्षा जास्तच आहेत, मग अडचण कुठे? अडचण क्षणिक झटक्यांची आहे. कार्डाचे २२० वॅट ही सरासरी असते. गेममध्ये दृश्य बदलतं, स्फोट होतो, नवा नकाशा लोड होतो, तेव्हा मिलिसेकंदाहूनही छोट्या काळासाठी कार्ड त्याच्या दीडपट, कधी दुप्पट वीज ओढतं. सॉफ्टवेअरमधल्या आकड्यांत हे दिसत नाही, कारण ते सेकंदाला एखाद-दोन वेळाच मोजतं. पण सप्लायमधल्या संरक्षण सर्किटला दिसतं, आणि मर्यादा ओलांडली गेली असं वाटलं तर ते मशीन बंद करतं. २०२० साली आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आले तेव्हा सरासरीच्या हिशोबात आरामात बसणारे, नावाजलेले सप्लायसुद्धा असे बंद पडू लागले होते. इतके मोठे झटके येतील हे धरून त्यांची संरक्षण मर्यादा ठरवलेलीच नव्हती.

तुमच्या मशीनचं सर्वांत वाईट गणित करून पाहू. कार्ड क्षणभर दुप्पट म्हणजे ४४० वर गेलं, त्याच वेळी प्रोसेसर ८८ वर आहे, बाकीचे ७०. एकूण ५९८. जुन्या सप्लायच्या १२ व्होल्टच्या ४३२ वॅटमध्ये एकटं कार्डही मावत नाही. ६५० मध्ये मात्र हा सगळा झटका अधिकृत क्षमतेच्या आतच बसतो. मी ६५० वर बोट ठेवलं ते या कारणाने.

मोठ्या कार्डांना हे दुपटीचं गणित लावलंत तर आकडे उगाच फुगतील. पॉवर सप्लायसाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने झटक्यांवर उपाय केला आहे. ४५० वॅटच्या वरच्या आणि १६ पिनांचा कार्ड कनेक्टर असलेल्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरती स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट वीज बंद न पडता द्यायला हवी, असं त्यात म्हटलं आहे. तसा सप्लाय घेतला की झटक्यांची चिंता बरीच कमी होते आणि साधा नियम पुरतो: कमाल बेरीज सप्लायच्या ७० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली राहिली पाहिजे. तुमचे ३७८ म्हणजे ६५० चे ५८ टक्के. उत्तम. एटीएक्स ३.१ हे त्याच्या पुढचं रूप. दोन्हींत फरक आहे, पण तेवढ्यासाठी चांगला ३.० सोडून ३.१ च्या मागे लागायची गरज नाही.

हाच नियम इतर कार्डांना लावला तर माझ्या हातून साधारण अशा जोड्या निघतात. आरटीएक्स ४०६० सारख्या ११५ वॅटच्या कार्डाला चांगला ५५० भरपूर झाला, ४५० सुद्धा चालतो. ५०७० चे २५० वॅट आहेत, तिथे ६५०. ५०७० टीआय ३०० वॅट आणि आरएक्स ९०७० एक्सटी ३०४ वॅट, यांना ७५०. ५०८० चे ३६० आहेत, तिथे ८५०. ५०९० एकटं ५७५ वॅट घेतं, तिथे १००० ही पायरी मी किमान मानतो आणि सोबत तापट प्रोसेसर असेल तर १२०० घ्यायला सांगतो. प्रोसेसर १४७००के किंवा त्याहून मोठा असेल आणि गेमबरोबर व्हिडिओ रेंडरिंगही करणार असाल, तर एक पायरी वर जा. नुसते गेम खेळणाऱ्याला त्याची क्वचितच गरज पडते.

तुमच्या मित्राचं ८५० मात्र मी चूक म्हणणार नाही. दोन-तीन वर्षांनी ३६० वॅटच्या वर्गातलं कार्ड घ्यायचं पक्कं असेल तर आज ८५० घेणं हा शहाणपणाचा खर्च आहे, कारण चांगल्या सप्लायवर सात ते दहा वर्षांची वॉरंटी असते आणि तो दोन कार्डं सहज पाहतो. पण ‘मोठं कार्ड’ म्हणजे तुमच्या मनात ३०० वॅटच्या आसपासचं असेल, तर ७५० पुरे. हा निर्णय तुमच्यावर अवलंबून आहे. एक गोष्ट आग्रहाने सांगतो: त्याच पैशांत साधारण दर्जाचा ८५० आणि उत्तम दर्जाचा ६५० समोर असतील, तर ६५० घ्या.

दर्जा म्हणजे काय, यावर थोडं थांबतो, कारण इथेच सगळ्यात जास्त दिशाभूल होते. ८० प्लसचं सोनेरी किंवा ब्राँझ चिन्ह दर्जाचं प्रमाणपत्र म्हणून दाखवलं जातं. ते फक्त कार्यक्षमतेचं आहे. ११५ व्होल्टवर निम्म्या लोडला ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. व्होल्टेज किती स्थिर आहे, झटका आला तर काय होतं, संरक्षण सर्किट खरंच काम करतं का, हे त्या चिन्हात कुठेच नाही. शिवाय ती चाचणी सामान्य खोलीच्या तापमानाला होते. कॅबिनेटच्या आत सप्लायला मिळणारी हवा त्याहून गरम असते. म्हणून मी सप्लायची क्षमता किती तापमानाला सांगितली आहे ते पाहतो. चांगल्या सप्लायच्या माहितीपत्रकात ४० किंवा ५० अंशांना पूर्ण क्षमता असं लिहिलेलं असतं. जिथे तापमानाचा उल्लेखच नाही, तिथे ती क्षमता गरम कॅबिनेटमध्ये मिळेल असं धरू नका. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारे भाग, १०५ अंशांपर्यंत चालणारे आहेत की ८५ अंशांपर्यंत, हेही बघण्यासारखं. कंपनीच्या नावावरही विसंबू नका: एकाच नावाखाली उत्कृष्ट आणि अगदी सुमार, दोन्ही प्रकारचे सप्लाय विकले जातात. नेमकं मॉडेल घ्या आणि त्याची उपकरणांनी केलेली चाचणी शोधा. सप्लायची चाचणी करणाऱ्या सायबेनेटिक्सचे अहवाल यासाठी चांगले असतात, त्यांत कार्यक्षमता आणि आवाज असे दोन्ही दर्जे मिळतात. तेवढा वेळ नसेल तर वॉरंटी पाहा. दहा वर्षांची हमी देणाऱ्याने आत काय बसवलं आहे त्याचा विचार केलेला असतो.

निम्म्या लोडलाच सप्लाय सर्वांत चांगला चालतो, म्हणून बेरजेच्या दुप्पट घ्यावा, असंही तुम्ही वाचलं असेल. आलेख खरा आहे, निष्कर्ष ओढूनताणून काढलेला आहे. चांगल्या सप्लायमध्ये ४० टक्के आणि ७० टक्के लोडमधला फरक एखाद-दोन टक्क्यांचा असतो, वीजबिलात तो कधी दिसणार नाही. थोडा मोठा सप्लाय घेण्याचं खरं सुख आवाजात आहे: कमी लोडवर पंखा हळू फिरतो, काही मॉडेलमध्ये पूर्ण थांबतो. उलटी भीतीही खोटी आहे. ८५० वॅटचा सप्लाय म्हणजे सतत ८५० वॅट खाणारा नव्हे. मशीनला हवी तेवढीच वीज तो देतो. फक्त डेस्कटॉप नुसता उघडा असताना ५०-६० वॅटवर मोठ्या सप्लायची कार्यक्षमता जरा घसरते, ती काही वॅटची बाब आहे.

जुन्या सप्लायबद्दल आणखी एक. सहा वर्षं रोज गरम-थंड झालेल्या कपॅसिटरची साठवण क्षमता कमी होते आणि नेमका झटका पेलण्याचं काम त्यांचंच असतं. जुन्या कार्डावर तो आजवर बिनतक्रार चालला, यावरून नव्यावर चालेल असं म्हणता येत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका मशीनची तक्रार अशी होती: एका गेममध्ये सामना सुरू होताना, लोडिंग संपून पहिलं दृश्य दिसतं त्याच क्षणी पीसी बंद. इतर गेम व्यवस्थित. मालकाने ड्रायव्हर बदलून पाहिले, विंडोज नव्याने टाकलं, रॅम बदलली. विंडोजच्या नोंदीत कर्नल पॉवर ४१ दिसत होतं आणि त्यावरून एकाने मदरबोर्ड गेला असं सांगितलेलं. खरं तर ४१ क्रमांकाची नोंद एवढंच म्हणते की मशीन नीट बंद न होता थांबलं. का थांबलं ते ती सांगत नाही. मी कॅबिनेट उघडून पंख्यांकडे बघत बसलो आणि गेम सुरू करायला सांगितला. पडदा काळा झाला, पंखे थांबले, आणि समोरचं बटण दाबूनही काही होईना. सप्लायच्या मागचा स्विच बंद करून, थोडं थांबून परत चालू केल्यावरच मशीन उठलं. संरक्षण सर्किटने कुलूप लावलं की सप्लाय असाच वागतो. ड्रायव्हर कोसळला तर पडदा काळा होतो, पण पंखे फिरत राहतात, बऱ्याचदा आवाजही येत राहतो. मग आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वीज घेण्याची मर्यादा, ७० टक्क्यांवर आणली आणि फ्रेम सेकंदाला ६० वर बांधल्या. तोच गेम तासभर चालला. लिमिट परत १०० केली, पहिल्याच सामन्यात बंद. सप्लाय बदलला आणि तक्रार संपली.

तुमच्या सध्याच्या मशीनमध्ये कधी असं झालं तर हाच क्रम लावा. आधी पंखे थांबतात का ते बघा, मग पॉवर लिमिट कमी करून तोच प्रसंग पुन्हा घडवा. लिमिट कमी केल्यावर त्रास थांबला तर सप्लाय किंवा त्याच्या केबलवर संशय घ्यायला जागा आहे. तरीही होत राहिलं तर तापमान, रॅम, ड्रायव्हर यांच्याकडे वळा. फ्रेम बांधून ठेवणं एरवीही चांगलं: काही गेमच्या मेन्यूवर कार्ड विनाकारण शेकडो फ्रेम काढत बसतं.

यूपीएस वापरत असाल तर त्याचाही हिशोब घ्या. यूपीएसवरचा व्हीए आकडा म्हणजे वॅट नव्हेत. १००० व्हीएचे अनेक यूपीएस ६०० वॅटच देतात. गेम खेळताना भिंतीतून ३७० वॅटच्या आसपास ओढणाऱ्या तुमच्या मशीनला मॉनिटर धरूनही तो पुरेल, पण आजच्या सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (येणारी वीज नीट ओढून घेणारं सर्किट) असतं आणि चौकोनी लहर देणाऱ्या स्वस्त यूपीएसशी त्याचं कधीकधी जमत नाही. वीज गेल्यावर बॅटरीवर जायच्या क्षणीच पीसी बंद पडत असेल तर सप्लायला दोष देण्याआधी हे तपासा. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस असेल तर हा प्रश्न येत नाही.

जोडणी करताना दोन गोष्टींत हयगय नको. बहुतेक ४०७० सुपर कार्डांवर १६ पिनांचा कनेक्टर असतो. एटीएक्स ३ चा सप्लाय घेतलात तर त्याच्यासोबत थेट केबल येते, अडॅप्टर लागत नाही. ती टक्कन बसेपर्यंत आत ढकला, बाजूने बघून फट उरलेली नाही याची खात्री करा आणि कनेक्टरपासून पहिले तीन-चार सेंटीमीटर केबल सरळ ठेवा. २०२२ मध्ये ४०९० कार्डांचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, त्यांत अर्धवट बसलेली केबल हे एक मोठं कारण निघालं. २२० वॅटला तेवढा धोका नाही, पण नीट बसवायला क्षणभर लागतो. कार्डावर ८ पिनांचे दोन कनेक्टर असतील तर एकाच केबलची दोन टोकं लावण्यापेक्षा सप्लायपासून दोन वेगळ्या केबल ओढा.

दुसरी गोष्ट जुन्या केबलची. नवा सप्लाय मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, असेल आणि जुन्याच्या केबल कॅबिनेटमध्ये छान बांधलेल्या असतील, तर त्याच ठेवून नुसता सप्लाय बदलायचा मोह होतो. ते कधीही करू नका. सप्लायकडच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही वेगळी असते. प्लग बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊ शकतात. एसएसडी आणि हार्ड डिस्क अशाने कायमच्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांतला डेटाही. जुना सप्लाय काढाल तेव्हा त्याची एकूण एक केबल त्याच्याबरोबर बाहेर काढा आणि त्याच खोक्यात ठेवा.